न उघडलेल्या कुलपाची साक्ष

कुलूप फोडले गेले तर त्याची खूण मागे राहते. परंतु कोणी परकी किल्ली फिरवून पाहिली आणि कुलूप उघडलेच नाही, तर त्या प्रयत्नाची साक्ष कोणी द्यावी? हा प्रश्न जुना आहे. १८१७ साली इंग्लंडमधील पोर्टस्मथच्या सरकारी गोदीत बनावट किल्ल्यांनी चोरी झाली. तेव्हा स्वतःच्या किल्लीखेरीज अन्य कशानेही न उघडणाऱ्या कुलपासाठी सरकारने बक्षीस लावले. जेरेमाया चब याने १८१८ मध्ये ‘डिटेक्टर’ कुलपाचे पेटंट घेतले. परक्या किल्लीने एखादा लिव्हर प्रमाणाबाहेर उचलला गेला की आतील खटका अडकून बसे. मग मालकाची खरी किल्लीही चालत नसे, तो खटका सोडविण्यास निराळी किल्ली लागे. कोणीतरी हात लावला एवढे मालकास कळे. केव्हा व किती वेळा, हे मात्र अज्ञातच राही.

आज हॉटेलांतून दिसणारी कार्डाची कुलपे ती उणीव भरून काढतात. अशा अनेक कुलपांना मध्यवर्ती संगणकाशी जोडणारी तार नसते. सेलवर चालणारे लहानसे यंत्र, घड्याळ आणि स्मृतिकोश एवढाच त्यांचा संसार! कार्ड समोर येताच कुलूप त्याची मुदत व अधिकार तपासते. नकार द्यावयाचा झाल्यास वेळ, कार्डाचा क्रमांक आणि पुष्कळदा नकाराचे कारणही टिपून ठेवते. या कारणाला फार महत्त्व आहे. मुदत संपलेले कार्ड एकाच दारावर चारदा नाकारले गेले, तर तो बहुधा खोली सोडण्याची वेळ विसरलेला पाहुणा असतो. एकच कार्ड ओळीने दहा दारांवर नाकारले गेले, तर चौकशी आवश्यक ठरते.

तथापि ही साक्ष निर्दोष नाही. स्मृतिकोश भरला की नवी नोंद सर्वांत जुन्या नोंदीची जागा घेते. काही कुलपे तर केवळ उघडल्याचीच नोंद करतात. शिवाय नोंद कार्डाची होते, माणसाची नव्हे. २०२४ च्या मार्चमध्ये संशोधकांनी ‘सॅफ्लॉक’ जातीच्या कुलपांतील दोष जाहीर केला. १३१ देशांत अशी तीस लाखांहून अधिक कुलपे होती. बनावट कार्डांच्या जोडीने ती उघडत, आणि नोंदीत भलत्याच कार्डाचे वा कर्मचाऱ्याचे नाव येऊ शकत असे. नकाराची नोंद नाही म्हणून आगंतुक आलाच नाही, असे मानता येत नाही. आणि खोली झाडणाऱ्या बाईच्या कार्डाचा क्रमांक सापडला, एवढ्यावरून तिला कामावरून दूर करणे हा उघड अन्याय होईल. तिच्या पाळीचा तक्ता आणि व्हरांड्यातील कॅमेऱ्याचे चित्रण नोंदीशेजारी ठेवूनच निर्णय घ्यावा.

एक साधी गोष्ट बहुधा राहून जाते. कुलपाचे घड्याळ पुढेमागे होते. म्हणून नोंदी उतरवून घेण्यापूर्वी त्यातील वेळ व खरी वेळ यांमधील अंतर प्रथम कागदावर लिहावे, आणि मगच घड्याळ दुरुस्त करावे.