दंभ

चि. माधव,

तुझे पत्र पोचले. नित्यनेमाने पोथी वाचणारी आत्या मोलकरणीवर नको तितकी संतापली, म्हणून तू तिला ‘दांभिक’ ठरवलेस. फिर्याद खरी आहे. पण तिची कैफियत न ऐकता तू जो निकाल दिलास, त्याने मी व्यथित झालो.

‘दंभ’ ज्या संस्कृत धातूपासून आला, त्याचा अर्थ इजा करणे, फसवणे. त्यात धर्माचा गंधही नाही. धर्माचे सोंग हा अर्थ त्याला पुढे चिकटला, तरी फसवणुकीचा अंश त्याने कधी सोडला नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अशा माणसाला दोन नावे आहेत, बकव्रती, म्हणजे बगळ्याचे व्रत घेतलेला, आणि बैडालव्रतिक, म्हणजे मांजराचे. बगळा आपल्या बोलण्यात टिकला, मांजर मागे पडले. ते मला महाबलीपुरमला, सातव्या शतकातील त्या प्रचंड शिल्पपटावर भेटले. वर एक कृश तपस्वी हात उंचावून एका पायावर उभा आहे, आणि खाली, अगदी त्याच्याच ऐटीत, मांजर पुढचे पंजे डोक्यावर नेऊन उभे आहे, पायाशी उंदीर! त्या उंदरांपुढे मी बराच वेळ उभा होतो. ते नसते तर मांजराच्या तपाला दंभ म्हणायला आधार कोणता होता?

आणि गंगातीरी तपाचे सोंग करून भुललेले उंदीर खाणाऱ्या मांजराची ही कथा महाभारतात, उद्योगपर्वात, कोण कोणाला ऐकवतो हे ध्यानात घे. युद्धाच्या तोंडावर दुर्योधन ती उलूकाकरवी युधिष्ठिराला सांगून पाठवतो! ज्याने कपटाने राज्य लुबाडले, तोच दुसऱ्याच्या धर्मनिष्ठेला मांजराचे व्रत म्हणतो. तेव्हापासून ‘दंभ’ हा शब्द जितक्यांना लागू पडला, त्याहून अधिकांवर फेकला गेला असे मला वाटते. गीतेच्या तेराव्या अध्यायात ‘अदंभित्व’ हे ज्ञानाचे लक्षण सांगितले आहे ते स्वतःच्या अंगी बाणवण्यासाठी, परक्याची झडती घेण्यासाठी नव्हे.

आत्याच्या पोथीवर कोणता उंदीर भुलला? पहाटे, घर निजलेले असताना, समईच्या उजेडात ती वाचते आणि कोणाची चाहूल लागली की पोथी रुमालात बांधून चुलीकडे वळते. माझी धाकटी बहीण ती. तिचा कोपिष्टपणा मी लहानपणापासून सोसला आहे, आणि तो दोषच आहे. त्याला संताप म्हण. त्या गरीब बाईची क्षमा माग, असे मी तिला लिहितो आहे; तू आपला शब्द परत घेऊन तिला स्वतंत्र पत्र घाल.

तुझा काका