आईच्या दंडातली लाइन

१. सुईचा त्रास संपला की सांभाळण्याचं काम सुरू होतं. केमोने आईच्या मनगटाच्या शिरा दोरीसारख्या कडक झाल्या, म्हणून परळला टाटा हॉस्पिटलमध्ये तिच्या दंडात पिक लाइन, म्हणजे एक लांब बारीक नळी, बसवली. टोक थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत. तिथे रक्त इतकं वाहतं की जळजळीत औषध लगेच पातळ होतं. "काळजाजवळ नळी?" आई धास्तावली. मी तिला वेर्नर फोर्समानची गोष्ट सांगितली. १९२९ साली जर्मनीत या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हातातून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि आपल्या पायांनी एक्स-रे काढायला गेला. पुढे १९५६ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. आईने एवढंच विचारलं, "त्याच्या आईला माहीत होतं का रे?"

२. सात दिवस किती लवकर सरतात, हे आमच्या गावी, धानोऱ्यात कळतं. ड्रेसिंग आठवड्याला बदलायचं, आणि मुंबई सुरतमार्गे रात्रभराच्या गाडीवर. नंदुरबारला हे काम जाणणाऱ्या एक सिस्टर भेटल्या, म्हणून निभावलं. उन्हाळ्यात घामाने पट्टीची कड सुटते. मग सात दिवस मोजत बसायचं नाही. मिरची वाळत घालायचे दिवस आले की पट्टीला धूळ लागू नये म्हणून आई खळ्याकडे फिरकतही नाही. जन्मभर त्या लाल ढिगांत वावरलेल्या बाईला हे किती जड गेलं असेल!

३. लाइन धुताना घाईचं काही काम नाही. सिस्टर हात धुतात, नळीच्या टोपीचं तोंड स्पिरिटने पंधरा सेकंद घासतात, ते वाळू देतात. मग १० मिलीच्या सिरिंजने सलाइन थोडं ढकलायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. त्या थांबण्यामुळे आत भोवरा उठतो आणि नळी धुऊन निघते. लहान सिरिंजचा दाब जास्त पडतो, नळी फाटू शकते. सलाइन अडलं तर जोर करायचा नाही, हॉस्पिटलला फोन करायचा. दर वेळी बाहेरची नळी किती सेंटीमीटर आहे तेही मोजून वहीत लिहितो. वाढली तर आतलं टोक सरकलंय.

४. हात जपायचा म्हणजे बांधून ठेवायचा नाही, हे मला नवीन होतं. हात हलता राहिला तर रक्त साकळण्याची भीती कमी. हंडा उचलायचा नाही, पण भाजी निवडणं, केस विंचरणं चालू. बीपीचा पट्टा त्या दंडाला कुणी लावू लागलं की आईच हात मागे घेते. "या हाताला नाही, ताई." जिने आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही, ती हे किती ठामपणे म्हणते.

५. तापाला गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, किंवा लाइन धुतल्यावर हुडहुडी भरली, तर लाइनमधून जंतू रक्तात गेले असू शकतात; लगेच हॉस्पिटल गाठायचं. हात सुजला, दुखू लागला, तरी तेच. शेजारच्या दादांनी सांगून ठेवलंय, रात्री कितीही वाजता हाक मारा. फाइल, वही आणि कपड्यांची पिशवी दाराशीच असते. दादांच्या जीपमध्ये डिझेल आहे ना, हे आई रोज संध्याकाळी त्यांना विचारून घेते.