जुन्या पिकअपचा शाफ्ट : दोन तुकडी की एकसंध?

जुन्या पिकअपचे सेंटर बेअरिंग सारखे जाऊ लागले, की "ही कटकटच नको, एकच लांब शाफ्ट टाका" असा सल्ला मिळतो. तो दरवेळी चुकीचा नसतो. पण आधी हिशेब पाहू.

लांब पाइप वेगात फिरताना मधोमध धनुष्यासारखा वाकतो. व्यास तोच ठेवून लांबी दुप्पट केली, तर सुरक्षित वेगाची मर्यादा निम्म्यावर नव्हे, पावावर येते. म्हणून एकसंध शाफ्टला मोठ्या व्यासाचा पाइप लागतो, आणि तो चासीच्या आडव्या बीमला घासता कामा नये.

बदलायचाच, तर माप गाडी चाकांवर उभी करून, नेहमीचा माल भरून घ्यावे. सरकत्या जोडाला आत-बाहेर व्हायला जागा ठेवावी. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. क्रॉसचे पुढचे-मागचे कोन सारखे हवेत. शाफ्ट बॅलन्स करूनच बसवावा.

चालत्या गाडीखाली तुटलेला शाफ्ट ब्रेकचे पाइपही तोडतो. त्यापुढे बेअरिंगचा खर्च तो काय? लांब चासीला आपली दोन तुकडीच बरी.