आभाळाचे आठ भाग



मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अंगणात मका वाळत घातला होता. रेडिओवर हवामानाचा अंदाज लागला. "आकाश अंशतः ढगाळ राहील," एवढेच मी ऐकले आणि खेळायला निघालो. मायने विचारलं, "काय रे, पाणी येईन का?" मी म्हणालो, "नाही येणार. थोडेच ढग सांगितले."

संध्याकाळी अजिंठ्याच्या डोंगराकडून काळा ढग आला. अर्धा तास पाणी पडलं. निम्मा मका भिजला. पुष्कळ दाणे काळे पडले आणि भाव कमी मिळाला. बाबा मला काही बोलले नाहीत, पण मला फार वाईट वाटले.

शाळा उघडल्यावर मी गुरुजींना विचारले, "अंदाज खोटा होता का?" गुरुजी म्हणाले, "आधी शब्दांचा अर्थ पाहू." त्यांनी आम्हांला मैदानावर नेले. आम्ही कागदाचा गोल कापून तीनदा घडी घातली. आठ सारखे भाग झाले. आभाळ म्हणजे तो गोल समजायचा. सगळे ढग मनातल्या मनात एका बाजूला सारायचे आणि किती भाग झाकले ते मोजायचे. भारतीय हवामान खाते १८७५ साली सुरू झाले. तेथील निरीक्षकसुद्धा आभाळाचे आठ भाग धरतात.

एकही भाग झाकलेला नाही : निरभ्र
१ ते २ भाग : मुख्यतः निरभ्र
३ ते ४ भाग : अंशतः ढगाळ
५ ते ७ भाग : सामान्यतः ढगाळ
आठही भाग : पूर्ण ढगाळ

यात पाऊस कुठेच नाही! ढगांनी किती आभाळ झाकले, एवढेच हे शब्द सांगतात. ढग पातळ आहे की काळा नि उंच, ते सांगत नाहीत. पावसाचे वाक्य वेगळे असते. शेजारच्या काकांनी त्या दिवशी पूर्ण अंदाज ऐकला होता. पुढे "तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस" असे सांगितले होते. म्हणून त्यांनी मका झाकला होता. तुरळक ठिकाणी म्हणजे पाऊस मोजतात त्या ठिकाणांपैकी जास्तीत जास्त चारांत एका ठिकाणी. ते ठिकाण आमचेही असू शकते. अंदाज खोटा नव्हता, मीच अर्धा ऐकला होता.

आता आम्ही रोज अकरा वाजता फळ्यावर गोल काढतो आणि ढग असतील तेवढे भाग रंगवतो. एकदा आठही भाग रंगवले, पण दिवसभर थेंबही पडला नाही. एकदा तीनच भाग होते, तरी शाळा सुटताना आम्ही भिजलो.

तुम्हीही घरी गोल काढून पाहा. परवा माय पुन्हा म्हणाली, "पाणी येईन का रे?" मी अंदाज शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणालो, "तुरळक ठिकाणी सांगितलं आहे. ताडपत्री जवळ ठेव."

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी, ता. जामनेर