अन्न बाधते कसे?

पुण्याच्या परिसरात पूर्वी गहू हे रोजचे धान्य नव्हते. शहराच्या पश्चिमेस मावळात भात पिके, पूर्वेस शिरूर-दौंडकडे ज्वारी आणि बाजरी होई. सामान्य कुटुंबाच्या ताटात भात किंवा भाकरी असे. गव्हाची पोळी सणासुदीला होई. आज शहरातील घरोघरी पोळी लाटली जाते. मुलांच्या डब्यात पोळी-भाजी असते, चहाबरोबर पाव किंवा बिस्किट असते. बहुतेकांना हे अन्न उत्तम मानवते. काही थोड्यांना मात्र ते बाधते. आणि ते का बाधते, हे कळावयास वैद्यकशास्त्राला फार काळ लागला.

‘मानवणे’ आणि ‘बाधणे’ हे मराठीतील मोठे अर्थपूर्ण शब्द आहेत. अन्न चांगले की वाईट एवढेच ते सांगत नाहीत. ते कोणाला चांगले, हेही त्यांत अभिप्रेत असते. आयुर्वेदात यालाच सात्म्य म्हटले आहे. जे ज्याच्या प्रकृतीला व सवयीला जुळते, ते त्याला सात्म्य. परंतु ‘बाधले’ या एका शब्दाखाली शरीरातील अगदी निरनिराळ्या घटना एकत्र येतात. त्या वेगळ्या ओळखल्याशिवाय उपाय सापडत नाही.

दुधाचेच पाहा. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती फोडणारे लॅक्टेज नावाचे विकर लहान आतड्याच्या अस्तरात तयार होते. तान्ह्या मुलांत ते भरपूर असते; जगातील बहुसंख्य माणसांत वय वाढते तसे ते कमी होत जाते. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते. तेथील सूक्ष्मजंतू ती आंबवतात, पोटात वायू धरतो, गुरगुरते, कधी जुलाबही होतात. हा त्रास खरा असतो, पण आतड्याला कोणतीही इजा झालेली नसते. दुधाला विरजण लावले की त्यातील जंतू लॅक्टोजच्या काही भागाचे आम्ल करतात. म्हणूनच ज्याला पेलाभर दूध सोसत नाही, त्याला वाटीभर दही किंवा ताक बहुधा चालते. ग्रहणी या पोटाच्या विकारात चरकाने ताकाची मोठी प्रशंसा केली आहे. आपल्याकडे दूध नको म्हणणारे मूल हट्टी ठरते. त्याचे पोट काय सांगते, हे विचारणारा घरात क्वचितच असतो.

गव्हाची गोष्ट वेगळी आहे. कणीक भिजवून तिंबली की ती लवचिक होते, आणि पुरणपोळी कागदासारखी पातळ लाटली तरी फाटत नाही. हे काम गव्हातील ग्लुटेन नावाच्या प्रथिनांचे. ज्वारीच्या पिठात ती नसतात. म्हणून भाकरीच्या पिठात कढत पाणी घालावे लागते, आणि भाकरी लाटण्यापेक्षा थापावी लागते. स्वयंपाकघरात ज्या गुणामुळे गहू श्रेष्ठ ठरला, तोच काही जणांच्या आतड्यांना शत्रू वाटतो.

बोटात काटा शिरला की ती जागा लाल होते, ऊन लागते, सुजते आणि ठणकते. शरीराचे रक्षक तेथे धावून आल्याची ती खूण आहे. यालाच दाह म्हणतात. काटा निघाला की दाह शमतो. सिलिॲक नावाच्या रोगात ग्लुटेन आतड्यात गेले की हे रक्षक त्यालाच काटा समजतात. माणूस दिवसातून दोनदा पोळी खातो, त्यामुळे हा काटा कधीच निघत नाही. लहान आतड्याच्या आतील बाजूस मखमलीसारखे बारीक रसांकुर असतात. अन्नरस त्यांच्यातून रक्तात जातो. सततच्या दाहाने ते झिजून सपाट होतात. मग ताटात सर्व काही असूनही शरीर उपाशी राहते. मुलाचे पोट नगाऱ्यासारखे फुगते, हातापायांच्या काड्या होतात, उंची खुंटते. कधी पोटाची तक्रारच नसते. केवळ पंडुरोग असतो, आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही.

या रोगाचे वर्णन लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी 1888 मध्ये केले होते. दोष आहारात असावा हे त्यांनी ओळखले, पण कोणत्या पदार्थात, ते कळले नाही. 1924 मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांचा आहार दिला आणि मुले सुधारली. श्रेय केळ्यांना मिळाले. वास्तविक त्या आहारातून पाव वगळला होता, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही!

खरे कारण हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी शोधले. पावामुळे ही मुले आजारी पडत असावीत, असा संशय त्यांना आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात, युद्धामुळे, त्या देशात भीषण दुष्काळ पडला. पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंदही खाऊ लागले. सारी मुले खंगत असता सिलिॲकची मुले मात्र सुधारली. आणि पाव पुन्हा येताच ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी पुढे मुलांच्या आहारात एकेक धान्य देऊन व काढून पाहिले आणि 1950 मध्ये आपला प्रबंध सादर केला. गव्हाबरोबर रायही बाधते, तांदूळ बाधत नाही, हे त्यामुळे कळले.

उत्तर भारतात, जेथे गहू हेच मुख्य अन्न आहे, शंभरात सुमारे एकाला हा रोग आढळला आहे. दक्षिणेत तो पुष्कळच विरळ आहे. पुण्यात दोन्हींकडील आहार एकत्र आले आहेत. येथे अशा रोग्याचे पथ्य सांभाळणे दिसते तितके सोपे नाही. पोळी सोडून भाकरी धरली, तरी कोपऱ्यावरच्या गिरणीत आधी गहू दळला असेल तर ज्वारीच्या पिठात गव्हाचे पीठ मिसळते. म्हणून घरघंटी घ्यावी लागते. बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा असतो. थालिपिठाच्या भाजणीत गहू असतो. गणेशोत्सवात उकडीचे मोदक चालतात, कारण ते तांदळाचे; तळणीचे चालत नाहीत. खपली गहू पचावयास हलका म्हणून पुण्यात आवडीने घेतला जातो, आणि येथील आघारकर संशोधन संस्थेने त्याची सुधारित जातही काढली आहे. पण खपलीतही ग्लुटेन असते. सिलिॲकच्या रोग्याला ‘खपली चालेल’ असे सांगणे धोक्याचे आहे.

पोळीने पोट फुगणाऱ्या प्रत्येकाला हा रोग असतो, असेही नव्हे. गव्हात, कांद्यात आणि लसणात फ्रुक्टन नावाचे पदार्थ असतात; ते न पचता मोठ्या आतड्यात जाऊन दुधाच्या साखरेप्रमाणेच वायू धरवतात. त्यात दाह नसतो. खात्री करावयाची तर रक्ततपासणी, आणि गरज पडल्यास आतड्याच्या अस्तराचा तुकडा घेऊन तपासणी, हाच मार्ग. त्यापूर्वी गहू सोडू नये. गहू सुटला की दाह ओसरू लागतो, मग रोग असूनही तपासणीत तो दिसत नाही.

एकदा निदान झाले की गहू जन्मभर वर्ज्य होतो. रसांकुर मात्र पुन्हा उगवतात. मुलांत काही महिन्यांत, मोठ्यांत कधी दोन वर्षे किंवा अधिक लागतात. लॅक्टेज तयार होते ते याच रसांकुरांच्या शेंड्यांवर. म्हणून सिलिॲकच्या रोग्याला आरंभी दूधही सोसत नाही. पोळी सुटल्यावर काही काळाने तेच दूध पुष्कळांना पुन्हा मानवू लागते.