खिडकीजवळचं टेबल

‘कारणे दाखवा’ नोटीस हातात पडली तेव्हा मला त्यातला एकच शब्द दिसत होता, ‘निष्काळजीपणा’. 22 वर्षांत माझ्या एकाही देयकावर आक्षेप निघाला नव्हता. मार्चअखेरीला एका बेरजेत चूक झाली, ती मीच शोधली, मीच दुरुस्त केली. तरी नोटीस.

आधीच्या सहा महिन्यांत मात्र कुणी काही विचारलं नाही. रात्री दोनला घामानं अंथरूण ओलं, मग झोप नाही. सकाळी तुळजापूरहून एसटीनं धाराशिव. अकराच्या सुमारास छातीपासून कानशिलापर्यंत आग चढायची, चार-पाच मिनिटांत उतरायची आणि पाठ चिंब. समोरचे आकडे निसटायचे. पाळी दोन-दोन महिने यायची नाही, आली की पंधरा दिवस थांबायची नाही. आणि स्वच्छतागृहाची किल्ली शिपायाकडे मागायची.

मी साहेबांकडे फक्त खिडकीजवळचं टेबल मागितलं. “मॅडम, उन्हाळा सगळ्यांनाच आहे,” म्हणाले. त्यांच्या दालनात कूलर चालू होता. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर, “घरचं टेन्शन घरी ठेवून येत जा.” कुणीतरी हसलं. हसणारी बाईच होती, माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान. ते हसू मला साहेबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. अजून लागतं.

एका डॉक्टरांनी तपासणीआधीच “पिशवी काढून टाका” सांगितलं. शेजारच्या बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या अशाच काढल्या गेल्या. 2019 मध्ये सरकारला त्यावर समिती नेमावी लागली. मी उठून आले. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.2. म्हणाल्या, “ताई, तुमची पाळी जायला लागलीय. आणि इतक्या कमी रक्तावर तुम्ही मार्चअखेर काढलात?” मी तिथंच रडले. सहा महिने मी स्वतःलाच कामचुकार समजत होते.

म्हणून सांगते. जागा, पंखा, किल्ली, काहीही मागायचं ते लेखी मागा आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. मी तोंडी मागितलं, म्हणून नोटिशीच्या उत्तरात माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता. रजेच्या अर्जात ‘घरगुती कारण’ लिहू नका. मी लाजून तेच लिहिलं आणि वर्षाच्या आठही नैमित्तिक रजा संपवल्या. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलं असतं तर परिवर्तित रजा मिळाली असती. अर्धवेतनी रजेतून दुप्पट दिवस वजा होतात, पण पगार पूर्ण मिळतो. हिमोग्लोबिनबरोबर थायरॉईडही तपासा, त्याचीही लक्षणं पुष्कळशी अशीच असतात. सलग 12 महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली. त्यानंतर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. सुती कपडे, पाणी, चालणं हे तर सगळेच सांगतात, तेही करा.

आणि साहेबलोकहो, कामात कधी न चुकणारी बाई एकाएकी चुकायला लागली, तर नोटीस टाइप करण्याआधी तिला दालनात बोलावून, दार लोटून, “बरं नाही का?” एवढं विचारा. त्याला शासन निर्णय लागत नाही.

माझं उत्तर मान्य झालं, नोटीस निकाली निघाली. खिडकीजवळच्या टेबलावर आता झेरॉक्स मशीन आहे.