सेवाभाव हवाच, पण सातबाराही वाचता यावा

विस्थापितांसाठी काम करायचं म्हटलं की पालकांच्या डोळ्यांपुढे शबनम पिशवी आणि रिकामा खिसा उभा राहतो. सातारा-सांगलीत तरी असं व्हायला नको. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गावं गेली, माणसं सांगली, सोलापूर, रायगडपर्यंत पांगली. राज्याचा पुनर्वसन कायदा आला 1976 साली, म्हणजे कोयना भरून गेल्यावर. लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांकडून जमीन काढून ती धरणग्रस्तांना द्यायची, ही त्यातली मुख्य तरतूद. म्हणजे एकाचं घर पाण्याखाली, दुसऱ्याचं रान ‘स्लॅब’मध्ये, म्हणजे काढून घ्यायच्या जमिनीत, आणि शाळा, गायरान, पाणवठा दोघांत एकच. युगांडात निर्वासितांसाठी येणाऱ्या मदतीतला सुमारे 30 टक्के वाटा यजमान गावांसाठी ठेवण्याचं धोरण आहे, ते याच पेचामुळे.

इथे नुसत्या कनवाळूपणाने भागत नाही. धरणग्रस्तांची नोंद ठेवणाऱ्या संकलन रजिस्टरात एखाद्या विधवेचं नाव सुटलं, तर तिची पर्यायी जमीन तिथेच अडते. मग कितीही धान्य वाटा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला पुनर्वसनाचा शेरा ज्याला कळतो, माणशी पाण्याचा हिशेब ज्याला मांडता येतो, दोन वस्त्यांना एका बैठकीत जो बसवू शकतो, तो या कामातला खरा कारागीर. साताऱ्याजवळ जकातवाडीला समाजकार्याचं महाविद्यालय आहे, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्तीविषयक शिक्षण मिळतं. पण नुसत्या पदवीने हा हात बसत नाही.

‘नोकरी टिकेल का?’ ही पालकांची शंका रास्त आहे. बहुतेक नेमणुका प्रकल्पापुरत्या, कराराच्या. 2025 मध्ये अमेरिकेने यूएसएड ही आपली मदतसंस्था गुंडाळली आणि जगभर मुरलेली माणसंसुद्धा घरी बसली. म्हणून आधी सिव्हिल, नर्सिंग, कॉमर्स, वकिली असं काही पक्कं शिका, मग समाजकार्याकडे वळा. निधी आटला तरी पाणीयोजनेचा इंजिनिअर नगरपालिकेला लागतोच. संयुक्त राष्ट्रांची ओढ असेल तर असू द्या. मात्र भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या इथल्या कचेऱ्याही मोजक्याच. तिथेही आधी विचारतात तो कामाचा अनुभव. तो कृष्णाकाठी मिळतो: 2019 आणि 2021 च्या महापुरांनी सांगलीत, 2021 च्या दरडींनी पाटण तालुक्यात तात्पुरत्या निवाऱ्यापासून कायमच्या गावठाणापर्यंत सगळे प्रश्न उभे केले. प्रवेश घेताना फीच्या आधी एवढं विचारा: फील्डवर्क कोणत्या गावात, किती दिवस, आणि विद्यार्थ्याचा अहवाल कोण तपासतं?